निलू, तू डबा कुठे उघडलास?

निलू,

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय. रडून झालं गं. लोकांसमोर रडले, तुझ्या अजितसमोर रडले. परवा फिजिओथेरपीला गुडघा वाकवताना रडले, तर त्या बिचाऱ्या मुलीला वाटलं गुडघाच दुखतोय, तिनं लगेच बर्फाची पिशवी आणून ठेवली. बर्फाची! मला हसूच आलं. आणि हसू आल्यावर पहिल्यांदा काय सुचलं असेल तर हे तुला सांगायचं. फोन हातात घेतलासुद्धा.

तुमच्या घरी लोक जमले त्या दिवशी मी कोपऱ्यात पाय लांब करून बसले होते. ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी उठवत नाही, तेवढा एक फायदा. आपली सॉल्ट लेक सिटीची मराठी मंडळी झाडून सगळी आली होती. कुणी पिठलं आणलं, कुणी खिचडीचं पातेलं. प्रत्येकानं अजितच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रत्येकानं तेच म्हटलं, 'आवडीचं करता करता गेली.' पहिल्यांदा ऐकलं, ठीक आहे. नंतर नंतर माझं डोकं फिरलं. आवडीचं? तुला काय आवडायचं हे या लोकांना माहीत तरी होतं का? तुला मागे फिरायला आवडायचं. तुझ्याइतकं आनंदानं डोंगरावरून मागे फिरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एक काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, 'या वयात गुडघे सांभाळायचे की बर्फाचे डोंगर चढायचे? तू वाचलीस बाई.' मी 'हो ना' म्हणाले आणि खिचडी खाल्ली.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तू त्या उतारावर आपल्या मनानं गेलीस, की त्या पोरांना नाही म्हणवेना म्हणून गेलीस? मला एवढंच हवंय. बाकी कुणाला त्याचं काही पडलेलं नाही, आणि का पडावं? हिमकडा सुटला, तू खाली होतीस, गेलीस. उत्तर काहीही आलं तरी तू काही परत येत नाहीस. पण मी तुझी डोंगरातली पार्टनर होते, इतकी वर्षं माझा जीव तुझ्या हो-नाहीवर टांगलेला होता, मला माहीत असायला नको?

आणि एक आधीच सांगून ठेवते. मी बरोबर नव्हते म्हणून असं झालं वगैरे मी म्हणणार नाही. तूच मला ओरडली असतीस. माझा गुडघा डोंगरात गेला नाही, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दुधाचा कॅन घेऊन घसरले तेव्हा गेला, यावर तू किती हसली होतीस! हॉस्पिटलमधल्या नर्सला सांगत होतीस, 'शी स्कीज द बॅककंट्री, बट मिल्क इज डेंजरस.' सोलापूरची ती इंग्रजी आणि त्यावर तुझं ते गडगडाटी हसणं.

सोलापूर आणि नागपूर. दोघींच्या गावाला मे महिन्यात डांबर वितळतं, आणि आपण म्हातारपणी बर्फाच्या नादी लागलो. माझा संसार आटोपला होता, मुलगा कॉलेजला गेला होता, घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नव्हतं. तुम्हाला मूलबाळ नाही, आणि अजित बर्फात उतरतो तो फक्त ड्राइव्ह-वे साफ करायला. गणपतीच्या कार्यक्रमात मोदकांच्या टेबलापाशी तू मला विचारलंस, 'काय गं, हिवाळ्यात तू काय करतीस?' मी म्हटलं, 'वाट बघते संपायची.' तू म्हणालीस, 'मग चल की माझ्याबरोबर.' मला वाटलं कुठे हळदीकुंकवाला नेतेय.

लिफ्ट नसलेला डोंगर. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला त्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, आपल्या पायांनी अर्धा दिवस चढायचं, वर जाऊन पट्ट्या काढायच्या आणि कुणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं, ते मात्र दहा मिनिटांत संपतं. पहिल्या दिवशी मी तुला शिव्या घालत चढले. खाली आल्यावर विचारलं, 'परत कधी?'

आपण अ‍ॅव्हलांचचा, ते हिमकडे कोसळतात त्याचा, कोर्स केला तो आठवतो? अख्ख्या वर्गात साडी नेसता येणाऱ्या दोनच बायका. गळ्यात बीकन, ते सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र, अडकवून पार्किंगमधल्या बर्फात पुरलेली पिशवी शोधायची. तू सगळ्यांच्या आधी शोधायचीस आणि मग बाजूला उभी राहून मला 'डावीकडे, डावीकडे गं, अगं तुझं डावीकडे!' म्हणून ओरडायचीस. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, ग्रुपमधलं कुणीही एक जण नाही म्हणालं की सगळे फिरणार. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही, आग्रह करायचा नाही. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, 'आग्रह करायचा नाही? मग यांच्याकडे जेवायला गेलेलं माणूस उपाशीच उठत असणार.' आणि आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खुसुखुसू हसत बसलो. त्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

पण शिकलीस तू. मी नाही शिकले, तू शिकलीस. सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेली बाई, कशावर विश्वास म्हणून ठेवायची नाहीस. रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर बर्फाचा अंदाज वाचायचीस, वारा कुठून आला, किती आला, कुठल्या बाजूला बर्फ नेऊन टाकला. डोंगरावर थांबून फावड्यानं कमरेएवढा खड्डा खणायचीस आणि त्या कापलेल्या भिंतीला बोटं लावत बसायचीस. तसा पहिला खड्डा मला नीट आठवतो. वर जाड घट्ट थर, दिसायला किती भक्कम. आणि त्याच्याखाली साखर. खरंच साखर गं, मूठ मिटली तर बोटांमधून गळून जाणारी. तू म्हणालीस, 'विजू, हे बघ. वरचं सगळं ह्या साखरेवर ठेवलंय. कुणी पाय दिला की ताट सरकतं तसं सरकणार.'

मी वाद घातला. मी घालणारच. समोरच्या उतारावर कुणाचे तरी ट्रॅक दिसत होते, ऊन पडलं होतं, आणि इतकं चढून आलो होतो! मी म्हटलं, 'अगं ते लोक गेले ना, त्यांचं काय झालं? काहून घाबरतेस?' माझ्या 'काहून'वर तू नेहमीसारखी हसलीस. मग सॅक खाली टाकलीस, तिच्यावर बसलीस आणि स्टीलचा डबा काढलास. शेंगापोळीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात कोंबलास. म्हणालीस, 'खा. तोंडात घास असला की तू वाद घालत नाहीस.'

ते कायमचंच झालं. चढताना आपण खिशातले बदाम आणि चॉकलेट खायचो, उभ्याउभ्या. डब्याला हात लावायचा नाही. डबा उघडला म्हणजे चढ संपला, आता खाली. पुढे पुढे तू तोंडानं सांगणंही बंद केलंस. मी मागून धापा टाकत यायची, वळणावर तू सॅकवर बसलेली दिसायचीस, मांडीवर डबा, आणि मी कपाळावर हात मारून घ्यायची. 'झालं का तुझं? उघडलास का?' शेंगापोळी, कधी कडक भाकरी आणि चटणी. इथल्या लोकांचे ते एनर्जी बार थंडीत दगड व्हायचे आणि आपण भाकरीचे तुकडे मोडत बसायचो. खाऊन झालं की स्की खालच्या दिशेला वळवायच्या. मला किती राग यायचा त्या डब्याचा, आणि भूकही किती लागलेली असायची.

एकदा तर मी गाडीत तुझ्याशी बोललेच नाही. आपण फिरलो आणि मागून चार जण आले, त्याच उतारावरून गेले, आणि खाली पोहोचून आनंदानं किंचाळत होते. डोंगरभर ऐकू येत होतं. काही म्हणजे काही झालं नाही त्यांना. कॅन्यनचा घाटरस्ता संपून सिग्नल लागला तेव्हा मी म्हटलं, 'बघ. तू चुकलीस.'

तू म्हणालीस, 'काही झालं नाही म्हणजे बग नव्हता असं नसतं.'

'मग तू बरोबर होतीस हे कसं कळणार? आपण तर दर वेळी फिरतो. कधीच कळणार नाही!'

'नाही कळणार. नको कळायला.'

मी म्हटलं, 'हे बरंय तुझं. कधीच चूक नाही ठरणार तू.' तू सिग्नलकडे बघत राहिलीस. तो वाद तसाच राहिला. नंतर मी कितीदा तो उकरून काढला, तू कितीदा 'जाऊ दे की' म्हणालीस. आता तुझ्या बाजूनं निकाल लागला आणि मला तुझ्यासमोर कान पकडायचीही सोय राहिली नाही.

तर ती पोरं. तीन मुलं, तिशीच्या आतली. त्यांच्यातला कॉनर तुला स्कीच्या दुकानात भेटला होता, तुमच्या दोघांच्या बीकनवरून गप्पा झाल्या होत्या. माझा गुडघा गेल्यावर तू सगळा जानेवारी घरात येरझाऱ्या घातल्यास. एकटीनं जायचं नाही हे तर ठरलेलंच. बर्फाखाली गाडलेल्या माणसाच्या गळ्यातलं बीकन हाका मारत राहतं, पण ऐकायला वर कुणीतरी नको? मीच तुला म्हटलं, जा की त्या पोरांबरोबर, मला काय पोळीचा विरह होणार तो होऊ दे.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. 'वर वारा सुटलाय गं. रात्रभर बर्फ उडून त्या बाजूला साठला असणार. फार वर नाही जाणार.'

मी विचारलं, 'त्यांना सांगितलंस?'

'बघते की. नवीन ओळख आहे. पहिल्याच दिवशी कुठे...' आणि मागून गाडीचा हॉर्न वाजला, तू 'आले आले' म्हणालीस आणि फोन ठेवलास.

ते 'पहिल्याच दिवशी कुठे' मला छळतंय. कारण मी तुला ओळखते. घरच्यांना फाडकन बोलणारी तू, परकं माणूस समोर आलं की गोगलगाय. माझ्या वरणात मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला ओरडायचीस, आणि हॉटेलात वेटरनं दुसऱ्याचीच डिश आणून ठेवली तर ती मुकाट्यानं संपवायचीस, वर त्याला टिपही द्यायचीस. शेजारच्या बाईनं कुत्रा सांभाळायला दिला तेव्हा तुला ताप होता. ताप! तरी तू त्याला दोन वेळा फिरवून आणलंस. 'नाही म्हणवेना गं तिला.' इतकी भिडस्त बाई मी जन्मात पाहिली नाही. मला तर तू उठता बसता नाही म्हणायचीस. तुझं ते नाही म्हणजे माझ्यावरचं प्रेम होतं, हे मला कळत होतं गं. मी तुला तसं कधी म्हटलं नाही, कारण असं कोण बोलतं?

मागच्या आठवड्यात अजित आला. तुझी सॅक आणि बाकीचं सामान त्याला परत मिळालं होतं. त्याला एवढ्याशा घरात काय करावं सुचत नाही, तो वस्तू वाटत फिरतोय. मला तुझं फावडं दिलं आणि डबा दिला, घासून पुसून लख्ख. म्हणाला, 'विजू, डबा रिकामा होता. म्हणजे जेवली होती ती. उपाशीपोटी नाही गेली.' हे सांगताना त्याचा चेहरा जरा उजळला होता. इतक्या दिवसांत त्याला तेवढीच एक गोष्ट हाताला लागली होती. मी 'हो रे' म्हटलं, त्याला चहा केला, शेअर बाजाराबद्दल काहीतरी विचारलं.

आणि डबा रिकामा? कधी खाल्लंस? तुम्ही तर वर चढतच होतात, उतरलाच नव्हतात. मग डबा उघडलास कुठे?

अजित गेल्यावर मी कॉनरला फोन केला. तो लगेच यायला तयार झाला, जणू कुणी बोलवायची वाट बघत होता. गोरा, लांबुडका, दाढीवाला मुलगा. दारात बूट काढून आत आला, तुझ्याकडून शिकला म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या अगदी कडेला बसला. मी चहा दिला. तो इंग्रजीतच बोलत होता, पण मी तुला आपल्या भाषेत सांगते, तुला तसंच बरं वाटेल.

म्हणाला, झाडांचा शेवटचा पट्टा असतो ना, तिथपर्यंत मस्त चाललो होतो. निलू सगळ्यात पुढे. तिच्यामागे यायला आम्हाला दम लागत होता. झाडं संपतात तिथे ती थांबली. पुढे मोकळा उतार. तिनं सॅक खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि एक स्टीलचा डबा काढला. आम्हा सगळ्यांना दिलं तिनं, ती शेंगदाण्याची गोड चपाती. इतकी सुंदर होती ती. आम्ही सगळी संपवली. आम्हाला वाटलं स्नॅक ब्रेक आहे.

मी कप खाली ठेवला.

तू सांगितलंस, निलू. तू गप्प नव्हती बसलीस. झाडांच्या कडेला, जिथे थांबायचं तिथेच थांबलीस, आणि तुला जसं सांगता येत होतं तसं सांगितलंस. डबा उघडलास. आणि तिथे ते कुणाला कळणार होतं? जगात ते कळणारी एक मी, आणि मी तेव्हा सोफ्यावर उशीवर पाय ठेवून स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होते. बिचाऱ्या पोरांनी खाल्लं, बोटं चाटली, थँक्यू म्हणाली.

मी विचारलं, 'मग?'

'मग आम्ही निघालो. ती बसूनच होती. मी म्हटलं, निलू, दमली असशील तर थांब इथेच, आम्ही एक रन मारून येतो. तर ती पटकन उठली. म्हणाली, नाही नाही, मी दमले नाही.'

अगं मूर्ख बाई! त्यानं तुला दार उघडून दिलं होतं. थांबते म्हणायचं होतंस. दमले म्हणायचं होतंस, खोटं तर खोटं. पण नाही. तीन तरण्या पोरांपुढे आपण म्हातारी ठरू नये. दमली नव्हतीस हे मला माहीत आहे, तू त्या तिघांना चढून हरवलं असतंस. मला इतका राग आला ना तुझा त्या क्षणी, की तू समोर असतीस तर मी तुला गदागदा हलवलं असतं. आणि मग घट्ट धरून ठेवलं असतं.

पुढचं त्यानं खाली मान घालून सांगितलं. एकेकानं पलीकडे जायचं ठरवलं होतं, शिकवलंय तसं. तिघं गेले. तू शेवटी निघालीस. मधे पोहोचलीस आणि वरून तुटलं. ताट सरकतं तसं सरकलं, हे तुझंच वाक्य, तो त्याला काहीतरी दुसरं म्हणाला. त्यांनी लगेच शोधलं तुला. बीकन, बर्फात खुपसायची काठी, फावडी, सगळं न चुकता केलं पोरांनी, एकमेकांवर ओरडत, रडत. सापडलीसही. पण उशीर झाला होता. तो म्हणाला, 'तिच्याइतकं फास्ट आमच्यात कुणालाच शोधता येत नव्हतं.' मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याची नखं अजून काळीनिळी होती.

आता मला ठरवायचं होतं की त्याला डब्याचं सांगायचं की नाही. न सांगता आलं असतं. तो चहा पिऊन गेला असता, त्याच्या मनात ती गोड पोळी तशीच राहिली असती. पण हा मुलगा पुढच्या हिवाळ्यात परत जाणार. दुसरं कुणीतरी बरोबर नेणार. ते कुणीतरी आपल्यासारखं गप्प राहणारं असलं तर? मी सांगितलं. पहिला खड्डा, साखर, माझ्या तोंडातला घास, सगळं. तो पांढराफटक पडला.

मग म्हणाला, 'आम्ही तिला विचारायला हवं होतं.'

'हो,' मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

'पण तिनं एकदा जरी नाही म्हटलं असतं ना, आम्ही लगेच फिरलो असतो. एक प्रश्न विचारला नसता.' आणि निलू, तो खरं बोलत होता. त्याच्याकडे बघूनच कळत होतं. फिरले असते गं ते. हसत फिरले असते, खाली येऊन बिअर प्यायले असते आणि तुला घरी सोडलं असतं. मला तेच सहन होत नाहीये.

त्यानं विचारलं, 'का नाही म्हणाली ती?' आता याला भीड कशी समजवायची? मी खूप वाक्यं बोलले. तिला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. नवीन ओळख होती. तुमचा दिवस फुकट जाऊ नये असं वाटलं असेल. तिनं तुम्हाला खायला घातलं होतं, तुम्ही तिच्यासाठी जवळजवळ पाहुणे झाला होता. आणि कदाचित तुम्ही पोरं एकटी वर जाताय, काही झालं तर शोधायला आपण असावं, असंही वाटलं असेल तिला. हे शेवटचं मी बोलता बोलता मलाच सुचलं. कॉनर सगळं ऐकून म्हणाला, 'पण आम्ही दुखावलोच नसतो.' लहान मुलाला गणित सुटत नाही तसा बघत होता माझ्याकडे.

भीड होती, की हट्ट होता, की त्या पोरांची काळजी? रोज एक धरून बसते. काळजी धरली की तुझा राग करता येत नाही, आणि राग नसला की फारच एकटं वाटतं. अजितला मी यातलं काही सांगणार नाही. त्याच्यासाठी तू पोटभर जेवून गेलीस. तेवढं त्याचं त्याच्याजवळ राहू दे. म्हणजे आता हे माझं मलाच वागवायचंय. मुलगा रविवारी जर्सी सिटीहून फोन करतो, 'आई, आर यू इटिंग?' विचारतो. मी 'येस बाबा' म्हणते. त्याला काय सांगू, की मला माणसं हवीत असं नाही, मला नाही म्हणणारं एक माणूस हवंय?

निघताना कॉनर बूट घालत घालत म्हणाला, 'तुझा गुडघा बरा झाला की येशील आमच्याबरोबर? आम्हाला शिकायचंय. तिनं तुला शिकवलं ते.' डोळे पाण्यानं भरले होते त्याचे. मी त्याच्या हातात लाडवांची पिशवी देत होते. मी म्हटलं, 'हो हो, नक्की. का नाही?' त्यानं मला मिठी मारली आणि गेला.

दार लावलं आणि मी तिथेच उभी राहिले. मला नाही जायचं, निलू. पुढच्या हिवाळ्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुझ्याशिवाय मला तो डोंगर बघायचासुद्धा नाही. मला हे पक्कं माहीत होतं, त्यानं विचारलं तेव्हाही माहीत होतं. आणि तरी मी 'हो हो, नक्की' म्हणाले! तासभर त्या पोराला शहाणपण शिकवून झाल्यावर. त्याचे डोळे भरले होते, पहिल्यांदाच घरी आला होता, कसं नाही म्हणायचं? स्वतःचाच इतका संताप आला मला. पायात चपला अडकवल्या, कुबडी घेतली आणि बाहेर गेले.

तो गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मला त्या अवतारात बघून घाबरला, धावत आला. मी ड्राइव्ह-वेच्या मधोमध उभी राहून म्हटलं, 'कॉनर, नाही. मी नाही येणार. मघाशी हो म्हटलं, पण मला नाही यायचं.'

मी वाट बघत होते. त्याचा चेहरा पडेल, तो का विचारेल, मला काहीतरी कारण द्यावं लागेल. गुडघ्याचं सांगायचं असं मी चालता चालता ठरवूनही ठेवलं होतं.

तो म्हणाला, 'ओके.'

बस. 'ओके,' आणि 'आत जा, थंडी आहे,' आणि मला दारापर्यंत हात धरून सोडून गेला. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं नाही, काहीसुद्धा झालं नाही. इतकं सोपं होतं गं, निलू.